स्पोर्ट बाईक किती तापली म्हणजे काळजी करायची?

नवी स्पोर्ट बाईक घेऊन पहिल्यांदा ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मीटरवरचा आकडा ८८ वरून बघता बघता १०४ वर गेला. पुढून फॅनची घरघर सुरू झाली आणि मांडीला भट्टीजवळ बसल्यासारखी धग लागायला लागली. मी घाबरून इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत कडेला नेली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. सर्व्हिसिंगला विचारलं तर उत्तर मिळालं, "नॉर्मल आहे." का नॉर्मल आहे, हे कोणी सांगितलं नाही. ते वाक्य मी इतकं पक्कं धरलं की काही महिन्यांनी फॅन लागतच नव्हता आणि आकडा ११६ वर होता, तेव्हाही मी "नॉर्मल आहे" म्हणत सिग्नलवर निवांत उभा होतो. खालून हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) उतू जाऊन बुटावर आलं तेव्हा जागा झालो.

पहिल्यांदा उगाच घाबरलो, दुसऱ्यांदा घाबरायला हवं होतं तर घाबरलो नाही. दोन्ही वेळा चूक एकच होती, माझ्या गाडीची सवय मला माहीत नव्हती. १०४ हा आकडा एका गाडीचा रोजचा असतो, दुसऱ्या गाडीत तोच दुखण्याची खूण असतो. नव्याने स्पोर्ट बाईक घेतलेल्यांनी हा फरक कसा ओळखायचा, ते टप्प्याटप्प्याने लिहितो आहे. बहुतेक मजकूर रेडिएटर असलेल्या, म्हणजे लिक्विड-कूल्ड गाड्यांसाठी आहे.

आधी हे जवळ ठेवा

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. मिळालं तर सर्व्हिस मॅन्युअलसुद्धा, कारण थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) आणि फॅनचे नेमके आकडे त्यातच असतात.
- मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.
- छोटं नरसाळं, जाड फडकं, हातमोजे.
- गाडी सरळ उभी करायला पॅडॉक स्टँड, नाहीतर मदतीला एक माणूस.
- साधा मल्टिमीटर आणि एक-दोन जादा फ्यूज.
- वही किंवा फोनमधली नोंद. या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच.

लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक असली तर बरी, पण तिच्यावर फार विसंबू नका. चकचकीत धातूवर धरली की ती खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवते. काळ्या रबरी पाइपवर धरा, तिथे ती बऱ्यापैकी खरं बोलते.

१. मीटरवरचा आकडा कशाचा, ते समजून घ्या

तो कूलंटचा आकडा आहे. सेन्सर बहुतेक वेळा सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरात बसवलेला असतो आणि त्याच्यावरून जाणारं कूलंट किती तापलंय तेवढंच तो सांगतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्याही पुढे जातं, एक्झॉस्टचे पाइप शेकडो अंशांवर असतात, ऑइल आपल्या वेगळ्याच गतीने तापत असतं. यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

यात एक फसगत दडलेली आहे. गळतीमुळे कूलंटची पातळी सेन्सरच्याही खाली गेली, तर सेन्सर नुसत्या हवेत किंवा वाफेत राहतो आणि आकडा बेभरवशाचा होतो. इंजिन भाजत असतं आणि मीटर शांत असतं. म्हणून तापलेल्या धातूचा किंवा गोडसर वास आला, गाडी ओढायला जड झाली, आतून खडखड यायला लागली, तर मीटर काहीही म्हणो, थांबा.

दोन बारीक गोष्टी. थंड इंजिनावर बऱ्याच गाड्या आकड्याऐवजी "लो" किंवा नुसत्या रेघा दाखवतात, तो बिघाड नाही. आणि मीटर चुकून फॅरनहाइटवर असेल तर २२० वाचून छाती दडपते. ते १०४ सेल्सिअस आहे.

२. ढोबळ टप्पे पाठ करा

हे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळे असतील तर तेच खरे.

इंजिन सुरू केल्यावर कूलंट आधी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, कारण रेडिएटरकडे जायची वाट थर्मोस्टॅटने बंद केलेली असते. गाडीच्या बनावटीनुसार तो ७० ते ८५ अंशांच्या मध्ये कुठेतरी उघडायला लागतो आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर आकडा साधारण ७५ ते ९५ च्या पट्ट्यात खेळतो. थंड हवेत खालच्या टोकाला, उन्हाळ्यात वरच्या.

ट्रॅफिकमध्ये तो शंभरी गाठणारच. फॅन बहुतेक स्पोर्ट बाईकवर १००-१०५ च्या सुमारास लागतो, तापमान काही अंश खाली आणतो आणि बंद होतो. मग पुन्हा चढ, पुन्हा फॅन. हा चढउतार म्हणजे यंत्रणा ठणठणीत असल्याचं लक्षण आहे. माझ्या पहिल्या घाबरण्यात मी नेमका हाच सुदृढपणा बघून गाडी बंद केली होती.

फॅन चालू असूनही आकडा ११० कडे सरकत असेल तर लक्ष द्यायला लागा. कडक उन्हात, तासभर रेंगाळणाऱ्या गर्दीत असं होऊ शकतं, पण फॅनला दाद न देता तो चढतच राहिला तर काहीतरी कमी पडतंय. इशारा देणारा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ११५ ते १२० च्या दरम्यान लागतो. तो लागला की पुढे जायचं नाही.

आता नव्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न. पाणी १०० ला उकळतं, मग १०४ ला कूलंट का उकळत नाही? दोन कारणं आहेत. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यातसुद्धा १०६-१०७ अंशांपर्यंत तग धरतं. त्यात रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून धरतं. झाकणावर १.१ किंवा त्याच्या आसपासचा आकडा कोरलेला असतो, तो त्या दाबाचा, बारमध्ये. या दाबाखाली तेच मिश्रण १२५ च्या पुढेपर्यंत उकळत नाही.

म्हणजे झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर उकळण्याची रेषा १२५ वरून थेट १०६ वर येते. फॅन लागायच्या आकड्याच्या जेमतेम वर. "आकडा तर १०८ च होता, तरी कूलंट उतू गेलं" असं कोणी म्हणालं तर मी पहिला संशय झाकणावर घेतो. सगळ्या यंत्रणेतला हा बहुधा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित.

बाहेरच्या हवेचा हिशोबही करून बघा. रेडिएटर किती उष्णता टाकणार हे कूलंट आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० वर आणि हवा २० वर असेल तर फरक ८० चा. हवा ४० वर गेली की फरक ६० वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण काम पाऊण. हिवाळ्यात घेतलेली गाडी पहिल्या उन्हाळ्यात "अचानक तापायला लागली" असं वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

३. आपल्या गाडीची सवय नोंदवून ठेवा

हे काम गाडी धडधाकट असताना करायचं. दोन-तीन दिवसांत होतं, आणि पुढे कितीतरी वेळा उपयोगी पडतं. नोंदवायचं ते असं:

- मोकळ्या रस्त्यावर एका ठराविक वेगात आकडा कुठे स्थिरावतो.
- फॅन कितीला लागतो, कितीला बंद होतो, आणि तेवढं खाली आणायला त्याला किती वेळ लागतो.
- ट्रॅफिकमधून सुटून वेग घेतल्यावर आकडा किती वेळात उतरतो. चांगल्या गाडीत दोन-चार मिनिटांत फरक दिसतो.
- रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटच्या बाटलीतली पातळी कुठे आहे.

प्रत्येक नोंदीशेजारी त्या वेळचं हवेचं तापमान लिहा, नाहीतर मे महिन्याच्या आकड्याची जानेवारीच्या आकड्याशी तुलना करत बसाल. मी स्वतः फॅनचा आकडा नोंदवला असता, तर १०४ ओलांडून १०८ झाले आणि घरघर आली नाही, हे मला लगेच कळलं असतं.

दुसऱ्याच्या गाडीचा आकडा विचारून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. चार सिलिंडरची सहाशे सीसी आणि दोन सिलिंडरची चारशे सीसी यांच्या सवयी वेगळ्या असतात. अगदी एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षी बनलेल्या गाड्यांतही फॅनचा आकडा बदललेला असू शकतो.

४. थंड इंजिनाला घाई करू नका

सगळे जास्त तापण्याची चिंता करतात, थंड इंजिन पिळण्याची कोणी करत नाही. इंजिनाची मोठी झीज खरं तर तिथे होते.

सुरू करून पंधरा-वीस मिनिटं जागेवर गाडी तापवत ठेवायची गरज नाही. आयडलिंग स्थिर झालं, अर्धा-एक मिनिट गेलं, की हळूहळू निघा. आरपीएम रेडलाइनच्या (मीटरवर लाल पट्टा सुरू होतो त्या आकड्याच्या) निम्म्याखाली ठेवा. कूलंट ८० ला पोचलं म्हणजे इंजिन तापलं, असं समजू नका. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, त्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं चालवणं लागतं. तोवर थ्रॉटल पूर्ण पिळू नका.

रोज तीन-चार किलोमीटरच चालवत असाल तर आणखी एक गोष्ट. ऑइल पुरेसं तापलं नाही तर त्यात जमलेला ओलावा उडून जात नाही, आणि ऑइलच्या काचेवर किंवा झाकणाच्या आत दुधासारखा साय धरल्यागत थर दिसतो. तो बघून हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलं म्हणून धावपळ करण्याआधी एकदा तास-दीड तास लांब फेरी मारून या. थर गेला तर ओलावाच होता. तो गेला नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर मग चिंता खरी.

५. ट्रॅफिकमध्ये कसं वागायचं

उभ्या गाडीत वारा नसतो आणि रेडिएटर तर वाऱ्याच्या भरवशावर बेतलेला असतो. वॉटर पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावरच फिरतो, त्यामुळे आयडलिंगला कूलंटही सावकाश फिरतं. उरतो एकटा फॅन. त्याला त्याचं काम करू द्या.

लांब सिग्नल असेल, मिनिटभराहून जास्त थांबायचं असेल, तर इंजिन बंद करा. दर दहा सेकंदांच्या थांब्याला बंद-चालू करण्यात अर्थ नाही, बॅटरीच मार खाते. सतत अर्धा क्लच धरून सरकणं टाळा. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग एकदाच क्लच पूर्ण सोडून पुढे जा. उभ्या उभ्या थ्रॉटल फिरवून "इंजिन थंड करण्याचा" प्रकार तर विसराच, आवाज वाढतो आणि उष्णताही.

गाडी बंद करून दहा मिनिटांनी चावी फिरवली की आकडा आधीपेक्षा वर दिसतो, याने बरेच जण दचकतात. इंजिन थांबलं की पंप थांबतो, पण तापलेला धातू आपली उष्णता जागच्या कूलंटमध्ये सोडत राहतो, म्हणून आकडा काही वेळ चढतो. गाडी सुरू करून निघालात की उतरतो. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन थोडा वेळ फिरत राहतो, तेही ठीक आहे. तुमची गाडी यातलं काय करते ते वहीत लिहून ठेवा.

६. कूलंट तपासा आणि भरा

सगळ्यात आधी एक नियम, आणि याला अपवाद नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखाली धरलेलं शंभरीपलीकडचं कूलंट झाकण सैल होताक्षणी उकळून तोंडावर, हातावर उडतं. निदान तासभर थांबा. वरचा जाड पाइप हाताने दाबून बघा. तो अजून टणक असेल तर आत दाब आहे. मऊ झाला की फडकं टाकून झाकण हळूहळू, टप्प्याने फिरवा.

नेहमीच्या तपासणीला बाटली पुरते. गाडी सरळ उभी करा, साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते. वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये कूलंट हवं. ते थंड असताना बघायचं की गरम, हे गाडीगणिक बदलतं, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पण बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे, असं नाही. गरम झाल्यावर फुगलेलं कूलंट झाकणातून बाटलीत जातं आणि थंड होताना परत ओढलं जातं. झाकणाची आतली छोटी झडप बिघडली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, तर ते परत येत नाही. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं चित्र मी डोळ्यांनी पाहिलंय. वर्षातून दोनदा तरी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकवा. स्पोर्ट बाईकवर ते बऱ्याचदा फेअरिंगच्या (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या) आड लपवलेलं असतं, तेवढा वैताग सोसा.

कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका. हिरवा, निळा, लाल, गुलाबी हे नुसते रंग आहेत, त्यांना सगळीकडे लागू असा एकच अर्थ नाही. विकतच्या डब्यावर ॲल्युमिनियमच्या इंजिनाला चालतं असं लिहिलेलं हवं, आणि मॅन्युअलने सिलिकेट नसलेलं सांगितलं असेल तर तेच घ्या. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली तर कधीकधी आत गाळ किंवा चिकट थर धरतो. जुनं कोणतं आहे ते माहीत नसेल तर वरून भर घालू नका, सगळं काढून नवीन भरा.

तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. "पाणी कमी, कूलंट जास्त म्हणजे जास्त थंडावा" हाही गैरसमजच आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा वरचढ आहे. ग्लायकॉल असतं ते गोठू नये, लवकर उकळू नये म्हणून, आणि गंज रोखणारी रसायनं त्याच्या जोडीला घातलेली असतात. रेस ट्रॅकवर तर पुष्कळ ठिकाणी ग्लायकॉलला बंदी असते, कारण सांडलं की रस्ता निसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही. ट्रॅक डेला जाणार असाल तर आधी नियम विचारून घ्या.

नवीन भरल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, अधूनमधून पाइप हलके दाबा, गाडी डावी-उजवी हलवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भर घालत राहा. काही गाड्यांत हवा सोडायला वेगळा स्क्रू दिलेला असतो. मग झाकण लावून एक छोटी फेरी, पूर्ण थंड होऊ देणं, आणि पुन्हा एकदा पातळी. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात आणि दुसऱ्या दिवशी आकडा नाचायला लागला की कूलंटला दोष देतात.

कूलंट किती दिवसांनी बदलायचं? बहुतेक मॅन्युअल दोन-तीन वर्षं सांगतात. गाडी कमी चालली तरी वर्षं मोजायची, किलोमीटर नाही.

७. कुठे तापते, त्यावरून दोष ओळखा

"गाडी तापते" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. कधी तापते ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

*फक्त उभी असताना तापते, पळवली की ठीक.* फॅनकडे बोट जातं. फ्यूज बघा, कनेक्टर काढून गंज बघा, फॅनचं पातं हाताने मोकळं फिरतं का बघा (चावी बंद ठेवून, फॅन कधीही लागू शकतो). मोटरला थेट १२ व्होल्ट दिल्यावर फिरली तर मोटर चांगली आहे, दोष रिले, स्विच किंवा वायरिंगमध्ये. माझ्या त्या ११६ वाल्या प्रकरणात उडालेला फ्यूज निघाला. पण फ्यूज उगाच उडत नाही. फॅनच्या बेअरिंगमध्ये चिखल जाऊन तो जड फिरत होता. नुसता फ्यूज बदलून निघालो असतो तर पुढच्या सिग्नलवर परत तेच.

*वेगात असतानाच तापते.* वारा भरपूर असूनही आकडा चढतोय, म्हणजे कूलंट पुरेसं नाही, फिरत नाही, किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. पहिल्यांदा पातळी. मग रेडिएटरची जाळी बघा. किडे, चिखल, वाकलेल्या पट्ट्या. प्रेशर वॉशरने जवळून धुतलेल्या रेडिएटरच्या पट्ट्या कशा झोपतात ते एकदा पाहिलं की पुन्हा कोणी तो नळ तिथे धरत नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी, शक्य तर मागच्या बाजूने. एवढं करूनही फरक नसेल तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल, पंपाचं पातं झिजलं असेल, किंवा हेड गॅस्केटमधून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल. शेवटच्यात झाकण उघडून सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत आणि गरम झाल्यावरही एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो.

*सुरू केल्यावर काही मिनिटांतच भडकते, पण रेडिएटर हाताला थंड.* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. काढून पाण्यात टाका, पाणी तापवत न्या, शेजारी थर्मामीटर धरा. ठरलेल्या तापमानाला तो उघडताना डोळ्यांना दिसतो. दिसला नाही तर बदला.

*तापतच नाही.* मोकळ्या रस्त्यावर आकडा ६० पर्यंत घसरतो, पेट्रोल जास्त खातं. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. "थंड चालतेय, बरंच आहे" असं समजून सोडू नका. इंजिन थंड आहे समजून ईसीयू (इंजिनाचा कंप्यूटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं.

*आकडा उड्या मारतो.* ९० वरून ११० आणि क्षणात परत ९२. कूलंट इतक्या झटपट तापत आणि निवत नाही. अडकलेली हवा किंवा सेन्सरचा सैल कनेक्टर. थंड गाडी सुरू करताच फॅन लागून बंदच होत नसेल तर तिथेही सेन्सरच तपासा. सेन्सरचा संपर्क तुटला की बऱ्याच गाड्या सावधगिरी म्हणून फॅन चालू ठेवतात.

*तापत नाही, पण दर आठवड्याला बाटलीतली पातळी थोडी उतरते.* पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून थेंब किंवा वाळलेला रंगीत डाग दिसला तर पंपाचं आतलं सील जातंय. ते भोक बंद करायला काही जण एम-सील लावतात. असं करू नका. सील गेल्याची वर्दी द्यायलाच ते भोक ठेवलेलं असतं. बंद केलंत तर तेच कूलंट ऑइलच्या किंवा बेअरिंगच्या वाटेला जाईल.

८. लाल दिवा लागला तर

वाहतूक बघून सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. नुसती चावी चालू ठेवून फॅन फिरत असेल तर फिरू द्या, पण बॅटरी उतरेपर्यंत नको. गाडीवर किंवा रेडिएटरवर पाणी ओतू नका. तापलेल्या धातूवर थंड पाण्याचा झटका बसला तर तो वाकतो, तडकतो.

खाली वाकून बघा. कूलंट सांडतंय का, पाइप निसटलाय का, फॅन फिरतो का. तासाभराने झाकण उघडून पातळी कमी दिसली तर वेळ भागवायला स्वच्छ साधं पाणी चालतं. घरी पोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरायला विसरू नका, विशेषतः पाणी गोठतं अशा थंडीत. भरलेलं लगेच गळून जात असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला. दिवा लागलेला असताना "पाचच किलोमीटर राहिलेत" म्हणून रेटलेल्या गाड्यांचे हेड वाकतात.

९. अंगाला लागणारी धग हा वेगळा प्रश्न आहे

मांडी भाजते म्हणजे इंजिन ओव्हरहीट झालं असं नाही. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फेअरिंगच्या आतून मागे येते, ॲल्युमिनियमची फ्रेम मांडीलगत तापते, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधला भाग) पायाजवळ असतो. मीटर ९२ दाखवत असतानाही पाय भाजू शकतो. उपाय अंगावर करा. पातळ पँटऐवजी जाड रायडिंग पँट, घोट्यावरचे बूट. गरम हवा पायावर मोकाट येत असेल तर फेअरिंगच्या आतला एखादा रबरी पडदा किंवा फोम सर्व्हिसिंगमध्ये परत बसवायचा राहून गेला नाही ना, ते बघा. असं सर्रास होतं.

एक्झॉस्टला पट्टी गुंडाळण्याआधी विचार करा. ती धग कमी करते, पण ओलावा धरून पाइप आतल्या आत गंजवतेही. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट बसवून ट्रॅफिकमधला आकडा उतरत नाही, कारण तिथे मूळचा थर्मोस्टॅटही पूर्ण उघडलेलाच असतो. हाताने चालू करायचा फॅनचा स्विच मात्र काहींना उपयोगी पडतो, पण बंद करायला विसरलात तर सकाळी गाडी ढकलून सुरू करावी लागेल.

१०. रेडिएटर नसलेल्या गाड्या

एअर-कूल्ड आणि ऑइल-कूल्ड गाड्यांत बहुधा तापमानाचा आकडाच नसतो. म्हणून त्या कमी तापतात असं नाही, दिसत नाही एवढंच. ऑइल-कूल्ड ही काही कमअस्सल पद्धत नव्हे. १९८५ ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५० ऑइलवरच थंड व्हायची, ती १९९२ मध्ये पाण्यावर आली. या गाड्यांत ऑइल हेच कूलंट, त्यामुळे पातळी आणि बदलण्याची मुदत यात चालढकल चालत नाही. गिअर जड पडायला लागले, न्यूट्रल सापडेना, चढावर नेहमीच्या गिअरमध्ये दम लागायला लागला, तर थांबून पंधरा मिनिटं विश्रांती द्या. सिलिंडरवरच्या पंख्यांसारख्या कडांत चिखल बसू देऊ नका, आणि ऑइल कूलरसमोर नंबर प्लेट किंवा जादा दिवे लावू नका.

११. गॅरेजमध्ये जाताना

"तापते हो" एवढं सांगून गाडी सोडू नका. वही उघडा आणि सांगा, "हवा ३४ असताना फॅन आधी १०३ ला लागायचा, आता १०८ झाले तरी लागत नाही", किंवा "मोकळ्या रस्त्यावर ८४ असायचे, आता ९६ असतात." यंत्रणेची प्रेशर टेस्ट करायला सांगा, आणि झाकणाचीही वेगळी. कूलंट बदलून घेत असाल तर कोणतं भरलं त्याचं नाव बिलावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी वरून काय भरायचं हा प्रश्न राहत नाही. गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड असताना, पातळी एकदा स्वतः बघा. उतरलेली असेल तर हवा निघायची राहिली होती, तेवढी भर घाला आणि तारीख टाकून वहीत लिहा.